छिन्नमनस्कता व परमनोबोध

इतर व्यक्तींच्या मनातील हेतू, समजुती, इच्छा, भावना व ज्ञान ह्यांविषयी त्यांच्या बोलण्यावरून, मुद्रेवरून आणि प्रसंगावरून अनुमान करण्याची जी क्षमता मनुष्याच्या ठिकाणी असते, तिच्यासाठी येथे ‘परमनोबोध’ ही संज्ञा योजिली आहे. दुसऱ्याचे मन कोणालाच प्रत्यक्ष दिसत नाही; ते ताडावे लागते. हे ताडणे एरवी इतके त्वरित व अनायास घडते, की आपण काही अनुमान करीत आहोत ह्याची जाणीवही आपणांस नसते. छिन्नमनस्कता म्हणजेच स्किझोफ्रेनिया ह्या तीव्र मनोविकृतीत ह्या क्षमतेत बिघाड होतो, असे १९९० नंतरच्या संशोधनावरून स्पष्ट झाले आहे. हा बिघाड म्हणजे दुसऱ्याला मन असते ह्याचे विस्मरण नव्हे, किंवा भावनांचा लोपही नव्हे. रुग्ण दुसऱ्याच्या मनाचा शोध घेतच असतो. पण तो शोध अपुरा पडतो किंवा भलत्याच दिशेने जातो, आणि चुकलेले अनुमान दुरुस्त होण्याचा मार्ग त्याच्यापुरता बंद झालेला असतो.

ह्या क्षमतेची गुंतागुंत ध्यानात येण्यास ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण पुरेशी आहे. सासू आपल्या मुलीला म्हणते, ‘रात्रीची भांडी रात्रीच घासलेली बरी असतात गं.’ बोलणे मुलीशी असते, रोख सुनेवर असतो. हे सुनेला कळावयाचे, तर भांडी मुलीने घासावयाची नव्हती हे सासूस ठाऊक आहे, आपण ऐकत आहोत हेही तिला ठाऊक आहे आणि आपणांस ते लागावे अशी तिची इच्छा आहे, ह्या तिन्ही गोष्टी सुनेच्या मनात एका क्षणात जुळून याव्या लागतात. ‘तिला काय वाटते’ ही पहिली पायरी. ‘मला काय वाटावे असे तिला वाटते’ ही दुसरी. घरातील, कचेरीतील व रस्त्यावरील पुष्कळसा व्यवहार ह्या दुसऱ्या पायरीवर चालतो. थट्टा, टोमणा, आर्जव, भीड आणि खोटे बोलणे ह्यांपैकी काहीही तिच्याविना समजत नाही.

रोगाचे स्वरूप : छिन्नमनस्कतेचे सविस्तर विवेचन स्वतंत्र नोंदीत आहे [→ छिन्नमनस्कता]. जर्मन मनोविकारतज्ञ एमील क्रेपेलीन (१८५६–१९२६) ह्याने ह्या विकाराला ‘अकाली मनोऱ्हास’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले होते. स्विस मनोविकारतज्ञ ऑइगेन ब्लॉइलर (१८५७–१९३९) ह्याने १९०८ मध्ये त्याऐवजी ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव सुचविले. दोन व्यक्तिमत्त्वे धारण करणारा मनुष्य असा ह्या नावाचा जो अर्थ लोकांत रूढ आहे, तो चुकीचा आहे. विचार, भावना व इच्छा ह्यांची परस्परसंगती तुटणे हे ब्लॉइलरला अभिप्रेत होते. हा विकार जगात सुमारे ३०० व्यक्तींमागे एकीस असतो आणि बहुधा तारुण्यात सुरू होतो. कोणी नसताना आवाज ऐकू येणे ह्यासारखे निर्वस्तुभ्रम, आपल्याविरुद्ध कट चालला आहे ह्यासारखे संभ्रम, असंबद्ध भाषण, तसेच उत्साह, बोलणे व भावदर्शन ओसरत जाणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. ह्यांपैकी अखेरच्या गटास ऋण लक्षणे म्हणतात.

रुग्ण बाह्य जगापासून दूर होऊन स्वतःच्या विश्वात गढून जातो, त्या स्थितीला ब्लॉइलरनेच ‘ऑटिझम’ हा शब्द प्रथम योजिला होता. पुढे १९४३ मध्ये लिओ कॅनर (१८९४–१९८१) ह्याने तो शब्द बालकांतील एका वेगळ्या अवस्थेसाठी वापरला व आज तो त्याच अर्थी रूढ आहे. मराठीत तिला स्वमग्नता म्हणतात. परमनोबोधाच्या अभ्यासात हे दोन विकार पुन्हा एकमेकांशेजारी आले.

संकल्पनेचा उगम : परमनोबोधाची संकल्पना मनोविकारांच्या अभ्यासातून आलेली नाही, ती प्राण्यांच्या अभ्यासातून आली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेमॅक (१९२५–२०१५) व गाय वुड्रफ ह्यांनी १९७८ मध्ये, चिंपँझीला दुसऱ्याचे मन कळते काय, असा प्रश्न उपस्थित करणारा निबंध प्रसिद्ध केला. अडचणीत सापडलेल्या माणसाच्या चित्रफिती सारा नावाच्या चिंपँझी मादीला दाखविण्यात आल्या. एकीत तो हाताला न येणाऱ्या केळ्यांसाठी धडपडत होता. त्यानंतर पुढे ठेवलेल्या छायाचित्रांतून तिने त्या अडचणीवरील उपाय दाखवावयाचा होता, आणि तिने बहुतेक वेळा योग्य छायाचित्र निवडले. ह्यावर आक्षेप असा, की माणसाच्या मनात काय आहे हे न कळताही केवळ केळी कशी मिळतात हे ठाऊक असल्याने साराला उत्तर देता आले असेल. दुसऱ्याचे मन कळते की नाही हे पाहावयाचे, तर त्याची समजूत वस्तुस्थितीहून भिन्न असावयास हवी; म्हणजेच ती चुकीची असावयास हवी.

ह्याच विचारातून ऑस्ट्रियातील हाइन्ट्स व्हिमर व योझेफ पेर्नर ह्यांनी १९८३ मध्ये एक साधी चाचणी तयार केली. माक्सी नावाचा मुलगा आपले चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. त्याच्या अपरोक्ष आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर माक्सी चॉकलेट कोठे शोधील? तीन वर्षांची मुले चॉकलेट आता जेथे आहे, ते कपाट दाखवितात. स्वतःस जे ठाऊक आहे ते माक्सीला ठाऊक नाही, हे त्यांना धरून ठेवता येत नाही. चार ते सहा ह्या वयात मुले बरोबर उत्तर देऊ लागतात. १९८५ मध्ये सायमन बॅरन-कोएन, ॲलन लेस्ली व ऊटा फ्रिथ ह्यांनी लंडनमध्ये ह्याच धर्तीची चाचणी २० स्वमग्न मुलांना दिली, तेव्हा त्यांपैकी १६ जणांचे उत्तर चुकले; उलट बुद्ध्यंक त्यांच्याहून कमी असलेल्या, डाउन लक्षणसमूह असलेल्या मुलांपैकी बहुतेकांचे बरोबर आले. परमनोबोध ही सामान्य बुद्धिमत्तेहून काही अंशी निराळी क्षमता असावी, असे ह्यावरून दिसले.

फ्रिथ ह्यांचा सिद्धांत : ह्या क्षमतेचा छिन्नमनस्कतेशी संबंध जोडण्याचे श्रेय ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ख्रिस फ्रिथ ह्यांच्याकडे जाते. ह्या विकाराच्या बोधनिक चेतामानसशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर लक्षणांची नोंद व वर्गवारी पुष्कळ झाली होती. पण अमुक एका प्रकारचा संभ्रमच का निर्माण व्हावा, हा प्रश्न बहुतेक जण सोडून देत असत. छिन्नमनस्कतेतील संभ्रम पाहिले, तर ते फार क्वचित झाडे, दगड वा हवामान ह्यांविषयी असतात. ते बहुतांशी माणसांविषयी व त्यांच्या हेतूंविषयी असतात. शेजारी पाळत ठेवतात, सहकारी खुणा करतात, बातम्या देणारा आपल्याच विषयी बोलतो, कोणी तरी आपल्या मनात विचार घालतो. हे निरीक्षण फ्रिथ ह्यांच्या सिद्धांताच्या मुळाशी आहे.

स्वतःच्या इच्छेने कृती सुरू करण्यात दोष असेल तर निष्क्रियता व अबोलपणा येतो. स्वतःच्याच हेतूवरील देखरेख ढळली तर स्वतःचा विचार परका वाटू लागतो व आपण दुसऱ्याच्या हातचे बाहुले आहोत असा अनुभव येतो. दुसऱ्यांच्या हेतूंवरील देखरेख ढळली, तर छळाचे व संदर्भाचे संभ्रम निर्माण होतात. अशी फ्रिथ ह्यांची मांडणी आहे. तीतील दुसऱ्या कलमाला पुढे प्रयोगाचा आधार मिळाला. स्वतःच स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, कारण आपल्याच हालचालीचा परिणाम मेंदूने आधीच हिशेबात घेतलेला असतो. सेरा-जेन ब्लेकमोर व सहकारी ह्यांनी २००० मध्ये दाखविले, की ज्या रुग्णांना आवाज ऐकू येत होते किंवा परक्या नियंत्रणाचे अनुभव येत होते, त्यांना स्वतःचा स्पर्श व दुसऱ्याचा स्पर्श जवळजवळ सारखाच जाणवला.

स्वमग्नतेशी तुलना करताना फ्रिथ ह्यांनी केलेला भेद फार महत्त्वाचा आहे. स्वमग्न बालकात परमनोबोधाची वाढ सुरुवातीपासूनच निराळ्या रीतीने होते. छिन्नमनस्कतेचा रुग्ण मात्र बालपण व पौगंडावस्था बहुधा इतरांप्रमाणेच पार करून आलेला असतो. त्याने मैत्री केलेली असते, थट्टा केलेली असते, दुसऱ्याच्या मनात काहीतरी असते हे त्याला पक्के ठाऊक असते. विकार जडल्यावर हेतू ओळखण्याची नेमकी शक्ती मंदावते; पण हेतू शोधण्याची सवय कायम राहते. वेदान्तातील प्रसिद्ध दृष्टांत येथे चपखल बसतो : अंधूक प्रकाशात दोरीच्या जागी साप दिसतो तो पाहणाऱ्यालाच; डोळे मिटलेल्यास दोरीही दिसत नाही आणि सापही दिसत नाही.

मापनाच्या पद्धती : माक्सीच्या चाचणीसारख्या सोप्या चाचण्या बहुतेक प्रौढ रुग्ण सहज उत्तीर्ण होतात. म्हणून त्यांच्यासाठी अधिक अवघड चाचण्या तयार करण्यात आल्या. त्यांत सर्वाधिक वापरली गेलेली म्हणजे माक्सीसारख्या पात्रांच्या वस्तूंऐवजी बोलण्यातील गर्भितार्थावर आधारलेली ‘सूचितार्थ चाचणी’ होय. रिअनन कॉर्कोरन, गॅव्हिन मर्सर व ख्रिस फ्रिथ ह्यांनी ती १९९५ मध्ये मांडली. तीत दहा छोटे प्रसंग असतात व प्रत्येकाच्या अखेरीस एक पात्र काही तरी आडून सुचविते. ह्या धर्तीचे मराठी उदाहरण द्यावयाचे, तर रात्री उशिरापर्यंत गप्पा मारीत बसलेल्या पाहुण्यास यजमान म्हणतो, ‘उद्या मला पहाटेची गाडी गाठायची आहे.’ यजमानाला खरोखर काय म्हणावयाचे आहे, असे विचारले जाते. उत्तर न आल्यास आणखी उघड सूचना देतात व त्यानंतर आलेल्या उत्तरास निम्मे गुण मिळतात. ‘त्याला पहाटे गाडी आहे’ एवढेच उत्तर देणाऱ्या रुग्णाने वाक्य नीट ऐकलेले असते, लक्षातही ठेवलेले असते. सुटलेला असतो तो बोलणाऱ्याचा हेतू.

अनवधानाने झालेला औचित्यभंग ओळखण्याची चाचणी व्हॅलरी स्टोन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. लग्नघरी जेवताना एक पाहुणा शेजारच्या गृहस्थास म्हणतो, ‘आमटी अगदीच पाणचट झाली आहे’, आणि ते गृहस्थ वधूपिता निघतात. बोलणाऱ्याचे अज्ञान व ऐकणाऱ्याचे दुखावलेपण ही दोन्ही एकाच वेळी कळल्याखेरीज येथे काय बिघडले ते सांगता येत नाही. ह्या चाचणीत काही रुग्ण ‘पाहुणा वधूपित्याचा अपमान करण्यासाठीच तसे बोलला’, असे उत्तर देतात. म्हणजे प्रसंगातील दुखावलेपण त्यांना बरोबर जाणवते, पण ते हेतुपुरस्सर होते असा ग्रह होतो. चाचणीतील अशा चुका केवळ मोजून न थांबता वाचावयास हव्यात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एकूण गुणांत त्यांचा अर्थ हरवतो.

डोळ्यांच्या छायाचित्रावरून भाव ओळखण्याची बॅरन-कोएन ह्यांची चाचणी (सुधारित आवृत्ती, २००१) बरीच प्रसिद्ध आहे. तीत ३६ छायाचित्रे असून प्रत्येकासाठी चार शब्दांतून एक निवडावयाचा असतो. तिचे गुण शब्दसंग्रहावर व शिक्षणावर पुष्कळ अवलंबून राहतात, ही तिची मोठी मर्यादा होय. शब्दांचा अडसर टाळणारी एक जुनी युक्ती फ्रिट्स हायडर व मॅरिअन झिमल ह्यांच्या १९४४ मधील चलत्‌चित्रात सापडते. त्यात दोन त्रिकोण व एक वर्तुळ एवढेच पडद्यावर हालतात. तरी पाहणारा सहजच ‘मोठा त्रिकोण धाकट्याला धमकावतो आहे’ असे सांगू लागतो. छिन्नमनस्कतेच्या रुग्णांच्या वर्णनांत अशी मनोवाचक भाषा कमी किंवा प्रसंगाशी न जुळणारी आढळते.

निष्कर्ष : सुरुवातीच्या अभ्यासांत ऋण लक्षणे असलेले व संशयग्रस्त रुग्ण सूचितार्थ चाचणीत मागे पडले, लक्षणे ओसरलेले रुग्ण मात्र जवळजवळ निरोगी व्यक्तींच्या बरोबरीने उतरले. त्यावरून हा बिघाड रोगाच्या उद्रेकापुरताच असावा असे वाटले होते. पुढील अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणाने हे चित्र बदलले. एमरे बोरा व सहकाऱ्यांच्या २००९ च्या विश्लेषणात रुग्ण व निरोगी व्यक्ती ह्यांच्या सरासरींमधील अंतर एका प्रमाण विचलनाहून किंचित अधिक आले आणि लक्षणे ओसरलेल्या रुग्णांतही ते कमी झालेले असले, तरी नाहीसे झालेले नव्हते. विकाराच्या पहिल्याच उद्रेकात हे अंतर जवळजवळ तेवढेच असते. रुग्णांच्या निकटच्या नातेवाइकांत व विकाराचा धोका असलेल्या तरुणांत ते सौम्य प्रमाणात दिसते. ह्याचा अर्थ, बिघाडाचा काही भाग प्रकृतिगत असून उद्रेकात त्यात भर पडते. स्मृती, अवधान व बुद्धिमत्ता ह्यांच्यातील उणिवांमुळे हे अंतर काहीसे वाढते. पण त्यांचा हिशेब करूनही त्याचा काही भाग शिल्लक राहतो.

ह्या निष्कर्षांकडे एका वेगळ्या बाजूनेही पाहिले पाहिजे. रोझ मॅककेब व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये रुग्ण व चिकित्सक ह्यांच्यातील प्रत्यक्ष संभाषणांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात रुग्ण संभाषणाच्या ओघात परमनोबोध वापरताना दिसले. आपले म्हणणे समोरच्याला पटत नाही हे ते ओळखत होते आणि त्या मतभेदाची वाट काढण्याचा प्रयत्न करीत होते. चाचणीत कथेतील तिऱ्हाइताचे मन दुरून तपासावयाचे असते. संभाषणात समोरचा मनुष्य आपल्या अनुमानाला क्षणोक्षणी प्रतिसाद देतो. ह्या दोन कसोट्या एक नव्हेत. ‘छिन्नमनस्कतेत दुसऱ्याचे मन कळत नाही’ असे सरसकट विधान म्हणूनच अयुक्त ठरते.

अनुमानाचा अतिरेक : न कळणे हा दोषाचा एक प्रकार, नको तेवढे कळणे हा दुसरा. ऋण लक्षणे प्रबळ असलेल्या रुग्णांत पहिला अधिक आढळतो, तर संशयग्रस्त रुग्णांत दुसरा दिसू शकतो. बसथांब्यावर दोन अनोळखी माणसे हसली, दुकानदाराने सुटे पैसे मोजताना वर पाहिले, शेजारणीने दार जरा जोरात लावले, ह्या घटनांत सामान्य मनुष्य काहीच वाचीत नाही. रुग्ण मात्र त्यांत हेतू वाचतो. प्रारंभी दिलेली म्हण येथे उलटी करून लावता येईल : सासू खरोखरच लेकीशी बोलत असते, आणि तरीही ते सुनेलाच लागते. पुढे सगळे जगच लेकीला बोलून आपल्याला लावीत आहे, असे रुग्णास वाटू लागते. संदर्भाचा संभ्रम म्हणतात तो हाच. काही निवडक अभ्यासांत केवळ छळाचे संभ्रम असलेल्या व अन्यथा सुसंगत वागणाऱ्या रुग्णांनी परमनोबोधाच्या चाचण्या व्यवस्थित सोडविल्याचेही नोंदले गेले आहे. तेव्हा संभ्रमाचे सारे ओझे एकट्या परमनोबोधावर टाकता येत नाही.

पुराव्याचे वजन करण्यातील घाई हेही त्याचे एक कारण असते. हक, फिलिपा गॅरेटी व डेव्हिड हेम्सली ह्यांच्या १९८८ च्या प्रयोगात दोन रंगांचे मणी ८५:१५ व १५:८५ अशा प्रमाणात असलेल्या दोन बरण्या होत्या. एकेक मणी काढून दाखवीत तो कोणत्या बरणीतील ते ओळखावयाचे होते. संभ्रमग्रस्त रुग्णांनी इतरांपेक्षा कमी मणी पाहून निर्णय दिला. मण्यांच्या बाबतीत ह्या घाईने फारसे बिघडत नाही. मनुष्याचा चेहरा, त्याची क्षणभराची नजर हा त्याहून कितीतरी अस्पष्ट पुरावा असतो. शिवाय आपणांसही असे चुकीचे ग्रह रोज होतात. पण आपण ते घरी कोणाजवळ तरी बोलतो, ‘छे, त्याचे लक्षच नव्हते’ असे उत्तर मिळते आणि ग्रह विरतो. विकारामुळे एकाकी पडलेल्या मनुष्यास हे उत्तर देणारे कोणी उरत नाही, किंवा उत्तर देणाऱ्यावरच संशय असतो.

मेंदूतील आधार : दुसऱ्याच्या मनाविषयी विचार करताना मेंदूच्या ललाट खंडाचा मध्यवर्ती भाग, शंख खंड व पार्श्व खंड ह्यांच्या संधीचा प्रदेश आणि शंख खंडातील वरची खाच हे भाग विशेष कार्यशील होतात, असे प्रतिमांकनाच्या तंत्रांनी दिसून आले आहे. छिन्नमनस्कतेत ह्या भागांचे कार्य बदललेले आढळते. पण ते बदल सर्व अभ्यासांत एकाच दिशेचे नाहीत, आणि त्यांवरून एखाद्या व्यक्तीचे निदान करता येत नाही.

भारतीय परिस्थिती : आडून बोलण्याच्या रीती भाषेभाषेत व समाजासमाजात भिन्न असतात. पतीचे नाव न घेण्याची रूढी असलेल्या घरात ‘अहो, ऐकलंत का’ ह्या शब्दांत जे सामावलेले असते, ते इंग्रजी प्रसंगाच्या शब्दशः भाषांतरातून तपासता येणार नाही. यूरोपीय चेहऱ्यांच्या छायाचित्रांबाबतही तीच अडचण येते. ‘निम्हान्स’ ह्या नावाने परिचित असलेल्या बंगळूर येथील राष्ट्रीय संस्थेत उर्वक्ष मेहता, जगदीश तीर्थहळ्ळी व सहकाऱ्यांनी भारतीय परिस्थितीस अनुरूप अशी सामाजिक बोधनाची चाचणीमाला तयार करून २०११ मध्ये तिची प्रमाणता सिद्ध केली. त्यानंतर ह्याच गटाने लक्षणे ओसरलेल्या भारतीय रुग्णांतही परमनोबोधाची उणीव दाखवून दिली.

दैनंदिन जीवन व कुटुंब : औषधांनी आवाज थांबतात, संभ्रम फिके पडतात, तरीही रुग्ण नोकरीत टिकत नाही, मित्र जोडू शकत नाही, असे वारंवार दिसते. ॲन-कॅथरीन फेट व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एकत्रित विश्लेषणात समाजातील वावराशी स्मृती वा अवधान ह्यांचा जेवढा संबंध दिसला, त्याहून अधिक संबंध सामाजिक बोधनाचा दिसला आणि त्यातही परमनोबोधाचा सर्वांत अधिक होता. वरिष्ठाच्या ‘बघा, जमल्यास आजच द्या’ ह्या वाक्यातील ‘जमल्यास’चे खरे मोल न कळणे हे नोकरी जाण्यास पुरेसे कारण होऊ शकते.

आतापर्यंत रुग्णाला इतरांचे मन कितपत कळते हे पाहिले; इतरांना रुग्णाचे मन कितपत कळते हा प्रश्न तेवढाच खरा आहे. कार्ल यास्पर्स (१८८३–१९६९) ह्या जर्मन मनोविकारतज्ञ व तत्त्वज्ञाने १९१३ च्या आपल्या ग्रंथात, मूळ संभ्रम हा सहानुभूतीने समजून घेता येण्याच्या पलीकडचा असतो, असे प्रतिपादिले होते. चिकित्सकाने प्रयत्न करूनही जेथे पोहोचता येत नाही, तेथे घरातील माणसांची काय स्थिती होत असेल! प्रत्यक्षात त्यांची चूक संभ्रमांपेक्षा ऋण लक्षणांबाबत अधिक होते. मुलगा पोलीस मागावर आहेत असे म्हणतो तेव्हा घरच्यांना तो आजार वाटतो. तो दिवसभर पांघरूण घेऊन पडून राहतो, हाकेला ओ देत नाही, तेव्हा मात्र तो आळस, उद्धटपणा किंवा मुद्दाम दिलेला त्रास वाटतो. हेतू नसलेल्या ठिकाणी हेतू वाचण्याची ही चूक निरोगी माणसे करीत असतात. तिचा परिणाम मोजला गेला आहे. जॉर्ज ब्राउन ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात लंडनमध्ये सुरू केलेल्या व क्रिस्टीन व्हॉन आणि ज्युलियन लेफ ह्यांनी १९७६ मध्ये पुढे नेलेल्या अभ्यासांतून दिसले, की टीका, वैरभाव व भावनिक अतिगुंतवणूक अधिक असलेल्या घरांत परतलेल्या रुग्णांचा विकार अधिक प्रमाणात उलटतो. चंडीगढ येथील १९८७ च्या अभ्यासात अशा घरांचे प्रमाण लंडनपेक्षा बरेच कमी आढळले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांनी दिग्दर्शित केलेल्या देवराई (२००४) ह्या मराठी चित्रपटात हीच दुसरी बाजू, म्हणजे भावाचे मन समजून घेण्याची बहिणीची धडपड, दाखविलेली आहे.

उपचार : क्लोरप्रोमाझिनपासून (१९५२) सुरू झालेल्या मनोविकृतिविरोधी औषधांचा परमनोबोधावर थेट परिणाम अल्प होतो. ऑक्सिटोसिन हे संप्रेरक नाकावाटे देऊन पाहण्यात आले; त्याचे निष्कर्ष परस्परांशी जुळले नाहीत. औषधे बंद करावीत असा ह्याचा अर्थ नव्हे. ती सुरू असल्याखेरीज पुढील कोणतेही प्रशिक्षण बहुधा शक्य होत नाही. अमेरिकेत डेव्हिड पेन व सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या गटप्रशिक्षणात रुग्ण प्रथम चेहऱ्यावरील भाव ओळखण्याचा सराव करतात, मग एखाद्या प्रसंगाचे अनेक संभाव्य अर्थ शोधतात आणि अखेरीस स्वतःच्या आयुष्यातील प्रसंग गटापुढे मांडून आपला तर्क पडताळून पाहतात. हँबर्ग येथे श्टेफेन मोरिट्स व टॉड वुडवर्ड ह्यांनी तयार केलेल्या प्रशिक्षणक्रमात घाईने निष्कर्ष काढण्याच्या सवयीवर भर आहे. अशा प्रशिक्षणाने भाव ओळखण्यात व परमनोबोधात सुधारणा होते. ती नोकरी व मैत्री ह्यांपर्यंत कितपत पोहोचते ह्याविषयीचे निष्कर्ष संमिश्र आहेत.

पडताळणीचा हा भाग खास केंद्राविनाही घरी करता येण्यासारखा आहे. रुग्णास संशय आला, की तो मनात न ठेवता ‘आता तुम्ही माझ्याविषयी बोलत होता का?’ असे सरळ विचारण्याची सवय त्याला लावतात. घरच्यांना त्या प्रश्नाची थट्टा न करता, न रागावता, एका वाक्यात खरे उत्तर देण्यास सांगतात. त्याच्याविषयी बोलणे चालले असेल, तर तसे कबूल करावे लागते, कारण एकदा पकडल्या गेलेल्या खोट्या उत्तराने पुढील सर्व उत्तरे निरुपयोगी होतात. सूचक बोलणेही टाळण्यास सांगतात : ‘किती पसारा झालाय!’ असे न म्हणता ‘हे कपडे घडी करून कपाटात ठेव’ असे म्हणावयाचे, आणि ते त्याच्याकडे पाहून, त्याचे नाव घेऊन म्हणावयाचे.